अक्का, तुमची हरकत

प्रिय अक्का,

आपल्या दोघींच्या घरांत एकच भिंत. तुमची फोडणी मला इकडं कळायची आणि माझं लेकरांवर ओरडणं तुम्हाला तिकडं ऐकू जायचं. तुम्हाला पत्र लिहायची वेळ येईल असं कधी वाटलंच नव्हतं. जावेला कोण पत्र लिहितं?

पण परवा आपले सचिव मन्मथअप्पा पेपर घेऊन वीज संस्थेच्या ऑफिसात आले. भरल्या बाजाराच्या दिवशी किराणा दुकान पोरावर टाकून आले, म्हणजे बघा! दारातूनच म्हणाले, "सुमनताई, कायदा मंजूर झाला. आपलं कलम बदललं!" ऑफिसात जे कोणी होते ते टाळ्या वाजवायला लागले. कुणीतरी साखर आणून हातावर ठेवली. मी ती मुठीत धरून उठले आणि थेट तुमच्या दारात येऊन उभी राहिले. आत भाऊजी रेडिओ लावून बसले होते. मला बघून म्हणाले, "ये. तिच्याकडं आलीस का?" आणि बोलल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. त्यांनी रेडिओ बंद केला.

मला ही बातमी एकाच माणसाला सांगायची होती, अक्का. दुसऱ्या कुणाला सांगून ती माझ्या मनातून उतरत नाही. म्हणून लिहायला बसले.

कुठून सुरू करू? विहिरीपासूनच करते.

वाटण्या झाल्या तेव्हा रान वाटलं, बैल वाटले, भांडी वाटली. विहीर तेवढी वाटता येईना. ती बरोबर बांधावर. एक विहीर, एक मोटार आणि दोन घरं. तेव्हा आपलं बोलणं बंद होतं, आठवतंय? सासूबाईंच्या थोरल्या परातीवरून! परात तुमच्याकडं गेली आणि मी वर्षभर तुमच्याकडं बघितलं नाही. आता ती परात माझ्या घरात आहे. भाऊजींनीच आणून दिली. मी ती वापरत नाही, नुसती मांडणीवर ठेवलीय.

पण लाईट यायची रात्री. आमचे हे कारखान्यावर पाळीला, भाऊजींना अंधारात दिसायचं कमी झालेलं. मग रानात पाण्याची दारं धरायला जाणार कोण? तुम्ही आणि मी! अबोला धरलेल्या दोन जावा, एकीच्या हातात बॅटरी, दुसरीच्या हातात फावडं. वाफा भरला की मी खोकायची, तुम्ही पाणी पुढं फोडायचा. तोंडानं एक शब्द नाही! एकदा तुमच्या पायापुढं विंचू दिसला आणि मी "अक्का!" म्हणून ओरडले. तुम्ही आधी पाय उचललात आणि मग मला म्हणालात, "आली का वाचा?" तिथं आपला अबोला मोडला. पुढं किती वर्षं आपण तशाच जात राहिलो. सकाळी सैपाक, दिवसा खुरपणं, रात्री पाणी.

तुम्ही म्हणायचा, "सुमे, पिकाला काय दिवसा तहान लागत न्हाई का?"

हे तुम्ही ग्रामसभेत म्हणालात तेव्हा सगळे हसले होते. मग हसणं थांबलं आणि लोक विचार करायला लागले. वीज सहकारी संस्था काढायची, गायरानावर सोलरच्या प्लेटा बसवायच्या, आपल्याच तारांतून आपल्याच मोटारींना दिवसा लाईट द्यायची. अप्पांनी कुठून कुठून माहिती आणली. अध्यक्ष म्हणून तुमचं नाव पुढं केलं तेव्हा गड्यांना वाटलं, बाई नावाला बसेल, सही करेल. किती फसले बिचारे!

आणि तो पहिला दिवस! मी भाकरी थापत होते. तुम्ही हाताला धरून ओढत नेलंत, तव्यावरची भाकरी तशीच. ऊन चांगलं वर आलेलं आणि मोटार चालू! मी पाटाजवळ जाऊन बसले. इतकी वर्षं त्या विहिरीचं पाणी देत होते, पण उन्हात वाहताना ते कधी नीट बघितलंच नव्हतं. रात्री पाणी नुसतं काळं. तुम्ही पदर डोळ्याला लावलात. विचारलं तर म्हणालात, ऊन लागायलंय.

मग बऱ्या चाललेल्या दिवसांत ती बातमी आली.

राज्यात विजेचा नवा कायदा येणार होता. अप्पांनी मसुदा आणून वाचला. त्यातलं एक कलम त्यांनी आपल्याला साध्या भाषेत सांगितलं: इथून पुढं वीज वाटायचा परवाना फक्त मोठ्यांना. आपल्यासारख्या लहान संस्थांनी तारा, डीपी आणि सभासद सगळं मोठ्याच्या हवाली करायचं. मग लाईट कधी द्यायची ते तोच ठरवणार.

"मंजी पुन्यांदा बॅटरी?" तुम्ही विचारलंत.

अप्पांनी मसुद्याची घडी घातली.

विधिमंडळाची समिती लोकांच्या हरकती ऐकणार होती. अप्पांचं म्हणणं, वकिलाकडून एक चांगला मजकूर लिहून घेऊ, खाली सगळ्यांच्या सह्या घेऊ. तुम्ही नाही म्हणालात. "अप्पा, सगळ्याइचं दुखणं एकच असतं का? ज्याचं त्याला बोलू द्या." मग गावातल्या शिकलेल्या पोरी ओट्यावर बसल्या आणि माणसं येऊन सांगायला लागली. कुणी उसाचं सांगितलं, कुणी पिठाच्या गिरणीचं. एका म्हातारीनं फक्त एवढंच सांगितलं, की दिवसाची लाईट आल्यापासून तिची सून घरात जेवते. तुम्ही त्या पोरीला म्हणालात, "तसंच लिही. काई वाढवू नको."

आणि मग तुमचं फिरणं सुरू झालं. गंगाखेडला बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर बसून दुसऱ्या गावच्या लोकांशी बोलणं. पूर्णेला रेल्वेतून रिटायर झालेले एक काका नवी संस्था काढायच्या खटपटीत होते, त्यांच्याकडं जाणं. तिकडं सेलूकडच्या एका गावात बाया संस्थेसाठी जमा व्हायल्यात असं कळलं, त्यांना निरोप धाडणं. मला म्हणायचा, "आपली एकच संस्था वरडली तर कुणाला ऐकू जाईल? समद्यांनी मिळून वरडायचं."

मी हसत होते तेव्हा. मला काय ठाऊक, याच गोष्टीवरून आपलं एवढं मोठं भांडण होईल!

आमदारसाहेब आले त्या दिवसाचं सांगते. तुम्हाला ते पुन्हा ऐकायला आवडणार नाही, पण ऐका.

महादेवाच्या मंदिरात, सभामंडपात बसले, चहा घेतला. नीट बोलले. तो माणूस खोटं बोलत नव्हता, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. ते म्हणाले, "ज्या संस्था आज चालू हायत त्याइला हात लागू नये, अशी दुरुस्ती मी मांडतो. तुमची चालू हाय, तुमचं काम होऊन जाईल. जे अजून उभेच राह्यले न्हाईत त्याइचं पुढं बघू. फक्त तुमची कलमावरची हरकत मागं घ्या, मंजी मला तिथं बोलायला सोपं जाईल."

ते गेले आणि सभा बसली. मी उभी राहिले. तुम्ही माझ्याकडं बघत होता. तुम्हाला वाटलं असेल, सुमी आपल्या बाजूनं बोलेल. नाही का?

मी म्हटलं, "अक्का, आपलं वाचायलंय ते आदी वाचवू. हातचं सोडून पळत्याच्या मागं कामून लागायचं?"

तुम्ही म्हणालात, "आपलं वाचलं की आपन गप बसणार, सुमे. मंग त्याइचं कोण बोलणार?"

"त्याइचं ते बोलतील! तुमाला गावाचं पाह्यचं हाय का मुलखाचं?"

तुम्ही म्हणालात, "ज्या बाया आज बॅटरी घेऊन रानात जायल्यात, त्या कोणत्या मुलखाच्या?"

काहींच्या माना हलल्या. पण लोक घाबरलेले होते, अक्का. मीही घाबरले होते. माझी केळी नुकती लागली होती, त्याच पाण्यावर लेकीचं शिक्षण चाललं होतं. हात वर करायला सांगितले तेव्हा माझ्या बाजूनं हात जास्त आले. भाऊजींनी कुणाच्याच बाजूनं हात वर केला नाही. खांबाला टेकून डोळे मिटून बसून राहिले.

तुम्ही अध्यक्ष. तुम्ही अप्पांना म्हणालात, "लिहा अप्पा. ठराव मंजूर. सूचक, सुमन." तुमचा आवाज जरासुद्धा हलला नाही. मग उठता उठता म्हणालात, "संस्थेची हरकत मागं घ्या. पर सभासद मनून मी जी दिली ती मागं घेणार न्हाई. ती माझी हाय."

कुणीतरी विचारलं, मग अध्यक्षपद सोडणार का? तुम्ही त्याच्याकडं असं बघितलंत! "हरलं मनून पळायचं असतं का?"

त्या दिवशी मी चुकले असं मी म्हणणार नाही. तुम्हीसुद्धा कधी म्हणाला नाहीत. हातात वाचवण्यासारखं काही असलं की माणूस भितं. तुमच्याकडंही तेवढंच होतं, तरी तुम्ही कशा भ्याला नाहीत, हे मात्र मला विचारायचं होतं. राहून गेलं.

भिंतीपलीकडून तुमचा आवाज यायचा, पण आपण बोलत नव्हतो. दुसरा अबोला! तेवढ्यात तुम्ही सेलूला निघालात असं कळलं. एकट्या. तुम्हाला तेव्हा धाप लागायची, मला दिसत होतं. एसटीची पायरी चढताना थांबायचा आणि म्हणायचा, "आजकालच्या गाड्या लय उंच केल्यात." गाड्यांना दोष! डॉक्टरकडं चला म्हटलं की पित्त झालंय म्हणायचा. अक्का, सगळ्या जगाची हरकत मांडत फिरलात, तुमच्या जिवाची हरकत कुणापाशी मांडलीत? ह्याचा राग अजून माझ्या पोटात आहे. जाणार नाही तो.

मी पिशवी घेतली आणि स्टँडवर येऊन तुमच्या शेजारच्या सीटवर बसले. तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होता, मी समोर. कंडक्टरनं विचारलं, दोघी सोबत का? दोघी एकदम "हाव" म्हणालो. परभणीला गाडी बदलेपर्यंत तेवढंच बोलणं.

सेलूच्या पुढचं ते गाव. कापसाचे दिवस. बाया वेचणीवरून आलेल्या, केसांत कापसाचे तंतू. अंगणात सगळ्या दाटीनं बसल्या. तुम्ही बोललात, कायद्याचं सांगितलंत, हरकत कशी द्यायची ते सांगितलंत. मी मागं भिंतीला टेकून बसले होते. माझा काय संबंध?

त्यात ती गयाबाई होती. नवरा पुण्याला, रान हिच्या एकटीच्या जिवावर. तिनं माझ्याकडं वळून विचारलं, "बाई, तुमच्याकडं दिवसा पाणी देतेत मनं?"

"हाव."

"मंग रात्री काय करता?"

मी म्हटलं, "झोपतो."

अक्का, त्या हसायला लागल्या. एक हसली, मग दुसरी, मग सगळं अंगण. तोंडाला पदर लावून हसल्या. मला कळेना, मी काय विनोद केला? मग हसणं हळूहळू विरलं आणि मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "झोपतेत मनं."

मी तुमच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता तुम्ही बघाल माझ्याकडं, 'पाहिलंस का?' म्हणून. तुम्ही खाली मान घालून बसला होता. परत येताना सगळ्या वाटेनं तुम्ही एकदाही जिंकल्यासारखं बघितलं नाहीत. तसं बघितलं असतंत तर मी पुन्हा भांडले असते. तुम्ही नुसतं म्हणालात, "भूक लागली का तुला?" आणि पिशवीतली दशमी काढून दिलीत.

परभणीच्या स्टँडवर उतरलात आणि तिथंच बाकावर बसलात. छातीवर हात. घाम. मी रिक्षा बघायला पळाले. सरकारी दवाखान्यातून नांदेडला न्यायला सांगितलं. भाऊजी आले, आमचे हे आले. डॉक्टर म्हणाले, लय दिवसांचं दुखणं आहे, यांनी आधीच यायला पाहिजे होतं. सगळे माझ्याकडं बघायला लागले, जसं काही मी तुम्हाला अडवलं होतं!

तुम्ही जरा बऱ्या झालात. उशाला टेकून बसलात, चहा मागितलात. मला वाटलं, निभावलं. म्हणून मी सांगून टाकलं, "सुनावणीला मी जाते."

"तू कामून? तू तर ठराव मांडलास. तुला हसतील तिथं."

"हसू द्या."

"सुमे, तू बोलताना लय घाई करतीस. मधी श्वास घेत जा."

"तुमी घ्या आदी श्वास! मला शिकवायल्या!"

नर्स धावत आली. पेशंटशी भांडायचं नाही, बाहेर व्हा म्हणाली. तुम्ही तिला म्हणालात, "भांडू द्या हो. जाऊ हाय माझी." मला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात. मी तेव्हा खाली औषधाच्या दुकानात रांगेत उभी होते.

म्हणजे आपलं शेवटचं बोलणं भांडणाचंच! सगळे मला हळहळून म्हणतात, शेवटी दोन गोड शब्द व्हायला पाहिजे होते. मला तसं वाटत नाही. तुम्ही कधी माझ्याशी गोड बोललात? शेवटी बोलला असतात तर मला परक्यासारखं वाटलं असतं.

तुम्हाला घरी आणलं त्या दिवशी संस्थेचे लोक म्हणाले, आज मोटारी बंद ठेवू, मान म्हणून. भाऊजींनी मान वर केली. म्हणाले, "बंद कामून? हरभऱ्याला पाणी चाललंय लोकाइचं. चालू राहू द्या." आम्ही सगळे तुम्हाला घेऊन रानाकडं निघालो तेव्हा दोन्ही बाजूंनी मोटारींचा आवाज येत होता.

आता सुनावणीचं सांगते. तेच तुम्हाला ऐकायचं असेल.

अप्पा सोबत होते. जाताना मी अप्पांना विचारलं, संस्थेचा ठराव माझ्या नावावर, मी कोणत्या तोंडानं बोलू? अप्पा म्हणाले, "ताई, मी ठरावाला अनुमोदन दिलं होतं. मी तर तुमच्या शेजारीच बसणार आहे." तेवढ्यानं मला आधार वाटला.

विभागाच्या ठिकाणी मोठं ऑफिस, थंडगार हॉल, लांब टेबल. पूर्णेचे रेल्वेवाले काका इस्त्रीचा सदरा घालून आलेले. सेलूच्या बाया टेंपो करून आल्या होत्या, गयाबाई पुढं. माझं नाव पुकारलं. अध्यक्षसाहेबांनी कागद बघितला आणि चांगल्या आवाजात विचारलं, "तुमच्या संस्थेने तर हरकत मागे घेतलेली दिसते?"

मी म्हटलं, "हो साहेब. तो ठराव मीच मांडला होता."

हसले, अक्का. तुम्ही म्हणाला होता तसेच. फार नाही, थोडेसे.

"मग आज आपण काय सांगायला आलात?"

मी श्वास घेतला. खरंच घेतला. आणि म्हटलं, "साहेब, आमचं चालू हाय. ते बंद पडंल मनून आमी भ्यालो आणि ठराव केला. ते भ्याव आजबी गेलं न्हाई. पर सेलूकडं या बायाइनं मला इचारलं, तुमी रात्री काय करता? मी मनलं, झोपतो. तर ह्या हसल्या. त्याइला ते खरंच वाटंना. साहेब, आमच्यापुरतं दार उघडं ठेवून ह्यांच्या तोंडावर लावू नका. माझ्या जावेची हरकत हीच होती. ती आता न्हाई. तिची मी सांगायले, आणि आता माझीबी तीच हाय."

टेबलाच्या कडेला बसलेल्या एका सदस्यांनी विचारलं, लहान संस्था उद्या बुडाली तर तिच्या सभासदांना वीज कोण देणार? प्रश्न खोटा नव्हता. आपण संस्था काढली तेव्हा हीच भीती आपल्यालाही होती. मी म्हटलं, "आमाला न्हाई जमलं तर मोठ्यानं घ्यावं, असं लिहा की. पर जमतंय का न्हाई ते बघायच्या आदीच बंद कामून करता?" मग अप्पा तारांचं आणि दुरुस्तीचं बोलले. रेल्वेवाले काका बोलले. गयाबाई उभी राहिली, पण तिला रडूच आलं, आणि ती काही न बोलता खाली बसली. तिच्या नावापुढं काय लिहिलं असेल कुणास ठाऊक.

शेवटी अध्यक्षसाहेब म्हणाले, "नोंद घेतली आहे."

बस्स! एवढंच. ते चांगलं म्हणायचं का वाईट, कुणालाच कळेना. जिना उतरताना मला तुमचा इतका राग आला! ज्या दिवशी मला सगळ्यात जास्त विचारायचं होतं, त्याच दिवशी तुम्ही नव्हता.

मग कितीतरी महिने काहीच कळलं नाही. तुमचं वर्षश्राद्ध झालं. आणि परवा अप्पा पेपर घेऊन आले.

नव्या कायद्यात लहान संस्था राहणार, अक्का. जुन्याही आणि नव्याही. ग्रामसभेनं मान्यता दिली की गाव आपली संस्था काढू शकतं. एखादी बुडाली तर तिचे सभासद मोठ्या वितरकानं घ्यायचे. ते वाक्य वाचताना अप्पा थांबले आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. दुरुस्ती आपल्या आमदारसाहेबांनीच मांडली म्हणे. त्यांनी राग धरला नाही.

पण सगळं मिळालं नाही. हे तुमच्यापासून लपवणार नाही. विजेचा दर आजवर आपला आपण सभेत ठरवत होतो. तो हक्क गेला. आता दर वरून येणार. साखर वाटायच्या नादात हे कुणी बोललंच नाही. वरच्या आळीची लता तेवढी बोलली. दुसऱ्या दिवशीच्या सभेत सगळे खुशीत असताना ती उठली आणि मला तोंडावर म्हणाली, "काकू, साखर कशाची वाटली? दर ठरवायचा हक्क गेला की! सुनावणीत तुमी त्याचं एक अक्षर बोलला न्हाईत."

खरंच बोलले नव्हते. मला त्याचं सुचलंच नाही. मला तिचा असा संताप आला! इतके दिवस कुठं होतीस, म्हणणार होते. मग वाटलं, अक्का असत्या तर त्यांनी काय केलं असतं? तुम्ही अप्पांना म्हणाला असतात, लिहा. मी अप्पांना म्हटलं, "लिहून घ्या. दरावर नवी हरकत. सूचक, लता."

सेलूकडं गयाबाईच्या गावात ग्रामसभा ठरलीय. त्यांनी आपल्याला बोलावलंय. लतालाही घेऊन जाणार आहे.

तुमची खुर्ची इतके दिवस रिकामीच होती, त्याच सभेत लोकांनी अध्यक्ष म्हणून माझं नाव घेतलं. मी नाही म्हणत होते. भाऊजी बोलले, "तिची जागा हाय, तुलाच बसावं लागंल." मी हो म्हटलं. पण तुमच्या जागेवर बसून मी तुमच्यासारखी होणार नाही, अक्का. मला तुमच्याएवढा धीर नाही. मी पुन्हा भिणार, पुन्हा आपल्यापुरतं बघणार, हे मला माहीत आहे. तुम्हाला तर माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

म्हणून एकच वचन देते. जोवर मी त्या खुर्चीत आहे, तोवर माझ्याशी भांडणारी एक बाई मी संचालक मंडळात ठेवीन. सगळे म्हणतात, लताला घेऊ नको, लय उलट बोलती. तिलाच घेतलंय. ती बोलायला उठली की मी तिला मध्ये तोडणार नाही. आणि सभेत हरले, तर घरी निघून जाणार नाही, तिथंच बसून तिचा ठराव लिहून घेईन.

तुमची धाकटी जाऊ,
सुमन